एका सहीवर सहा ठिकाणी माझी पत तपासली : तक्रार पत्र

सांगली
दि. १४ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग
(आपल्या सांगली शोरूमसंबंधी)

विषय : माझ्या परवानगीशिवाय कार लोनची फाइल सहा वित्तसंस्थांकडे लॉगिन (म्हणजे कर्जाचा अर्ज म्हणून दाखल) केल्याबद्दल

महोदय,

रविवार, ७ सप्टेंबर २०२५ रोजी मी आणि माझे यजमान आपल्या शोरूममध्ये गाडी पाहायला आलो. छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबरपासून २८ वरून १८ टक्के होणार हे चारच दिवसांपूर्वी जाहीर झाले होते, त्यामुळे शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. टेस्ट ड्राइव्ह झाली, गाडी आवडली. दसऱ्याला गाडी दारात यावी एवढीच इच्छा होती. आपल्या विक्री प्रतिनिधीने आमच्याशी नीट वागणूक ठेवली, त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आपल्या फायनान्स डेस्कविषयी.

त्या टेबलावर मी एकच प्रश्न विचारला होता : आठ लाखांचे कर्ज सात वर्षांसाठी घेतले तर आपल्याकडून कोणत्या व्याजदराने मिळेल? उत्तर देण्यासाठी पॅन, आधार आणि पगाराच्या तीन स्लिपा मागितल्या गेल्या. "मॅडम, फक्त रेट काढायला लागतात," असे सांगून एका फॉर्मवर सही घेतली. फॉर्ममध्ये वित्तसंस्थेच्या नावाची जागा कोरी होती. ती कोरी का, हे मी विचारले. "सिस्टिममधून आपोआप भरते," असे उत्तर मिळाले. मी सही केली. ती मी करायला नको होती, हे मान्य करते. पण ती सही दर विचारण्यासाठी होती, कर्ज मागण्यासाठी नव्हती.

त्याच संध्याकाळी घरी चहा घेताना मोबाईलवर एकामागून एक चार मेसेज आले. चार वेगवेगळ्या संस्थांनी माझा क्रेडिट रिपोर्ट (माझ्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद, जिच्यावरून तीन आकडी स्कोअर ठरतो) पाहिला होता. हे मेसेज रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये क्रेडिट माहिती कंपन्यांवर (असे रिपोर्ट ठेवणाऱ्या कंपन्यांवर) घातलेल्या बंधनामुळे येतात. ते आले नसते तर मला काही कळलेही नसते. अशी पाचवी तपासणी, म्हणजे रिपोर्टच्या भाषेत 'चौकशी', ९ सप्टेंबरला झाली. १२ तारखेला मी आपल्या फायनान्स डेस्कला फोन करून स्पष्ट सांगितले की कर्ज माझ्याच बँकेतून घेणार आहे, माझी फाइल कुठेही पाठवू नका. तरीही १५ तारखेला सहावी चौकशी झाली.

रिपोर्ट काढून पाहिला तेव्हा आणखी धक्का बसला. मी आठ लाख मागितले होते, पण दोन चौकश्यांमध्ये रक्कम साडेनऊ लाख आहे. एक चौकशी तर कार लोनची नाहीच. तिथे तीन लाखांच्या पर्सनल लोनची नोंद आहे. पर्सनल लोन हा शब्दही माझ्या तोंडून निघाला नव्हता.

यावर आपल्या फायनान्स डेस्कने फोनवर सांगितले, "गाडीच्या कर्जाच्या सगळ्या चौकश्या एकच धरतात, स्कोअरला काही होत नाही." माझी बहीण न्यू जर्सीत राहते. तिला विचारल्यावर उलगडा झाला. अमेरिकेतल्या फायको या क्रेडिट स्कोअरच्या नव्या आवृत्त्यांमध्ये ४५ दिवसांच्या आत गाडीच्या कर्जासाठी झालेल्या चौकश्या एकच धरल्या जातात. तिथला नियम सांगलीत बसून ग्राहकाला ऐकवणे ही दिशाभूल आहे. माझ्या रिपोर्टमध्ये सहाच्या सहा चौकश्या तारीख, संस्था आणि रकमेसह स्वतंत्र ओळीत उभ्या आहेत. आणि पर्सनल लोनची चौकशी तर कोणत्याही हिशेबाने गाडीच्या खात्यात बसत नाही.

५ सप्टेंबरला माझा स्कोअर ७८१ होता, १९ सप्टेंबरला ७४४. मधल्या काळात मी एकही हप्ता चुकवलेला नाही, नवे कर्ज घेतलेले नाही, क्रेडिट कार्डाची थकबाकी नाही. मी अकरा वर्षे गृहकर्जाचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला भरत आले आहे. ज्या महिन्यांत शाळेचा पगार उशिरा झाला त्या महिन्यांतही तो चुकू दिला नाही. वडील गावच्या पतसंस्थेचे सभासद होते. ते म्हणायचे, पैसा गेला तर कमावता येतो, पण पत गेली की चार लोक पाठ फिरवतात. त्यांच्या काळी ही पत गावाला ठाऊक असायची, आज ती तीन आकड्यांत लिहिलेली असते. तो आकडा माझ्या मेहनतीचा आहे. त्यावर हात टाकण्याचा अधिकार मी आपल्याला दिला नव्हता.

दराची तुलना करू नये असे माझे म्हणणे अजिबात नाही. मी स्वतः ती केली होती. आधी माझा रिपोर्ट मीच काढला. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो आणि स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. त्याची प्रत घेऊन तीन बँकांच्या शाखांत गेले, दर विचारले, प्रोसेसिंग फी आणि मुदतपूर्व परतफेडीचे नियम लिहून घेतले. या तिन्ही ठिकाणी मिळून माझ्या रिपोर्टवर एकही चौकशी पडली नाही, कारण कुठेही अर्ज दाखल झाला नव्हता. म्हणजे दर सांगण्यासाठी फाइल लॉगिन करावी लागते हे खरे नाही.

शेवटी माझ्या बँकेत अर्ज दिला तेव्हा शाखाधिकाऱ्यांनी रिपोर्ट पाहून विचारले, "बाकी सहा जणांनी नाकारले का तुम्हाला?" वीस वर्षे मी त्या शाखेत खाते चालवते. त्या टेबलासमोर बसून, मी कर्जासाठी दारोदार फिरले नव्हते, हे मला समजावून सांगावे लागले. चौकशीच्या नोंदीत कर्ज का दिले गेले नाही हे लिहिलेले नसते. पाहणाऱ्याला एवढेच दिसते की ही बाई आठ दिवसांत सहा ठिकाणी गेली आणि कर्ज कुठेच झाले नाही.

आमच्या बँकेत ७७५ च्या वर स्कोअर असलेल्यांना पावणेनऊ टक्के दर आहे, त्याखाली नऊ टक्के. मला नऊ टक्के लागला. महिन्याचा हप्ता १२,७७० ऐवजी १२,८७१ रुपये झाला. सात वर्षांत हा फरक सुमारे साडेआठ हजारांवर जातो. आपण ज्या संस्थेकडून कर्ज मिळवून देता तिच्याकडून आपल्याला पेआउट (कमिशन) मिळतो, हे मला माहीत आहे. त्यात वावगे नाही. पण आपल्या पेआउटसाठी जाळे सहा ठिकाणी टाकायचे आणि किंमत मी भरायची, हे मला मान्य नाही.

त्या दिवशी शेजारच्या टेबलावर एक तरुण मुलगा पहिलीच गाडी घेत होता. आई सोबत होती, तिने पेढे आणले होते. त्यानेही तसाच कोरा फॉर्म सही करून दिला. त्याच्या नावावर आधीचे एकही कर्ज नसेल, तर रिपोर्टमधली पहिली ओळच अशा चौकश्यांची असेल. त्याला ते कुणी सांगितले असेल असे वाटत नाही.

२२ सप्टेंबरला मी क्रेडिट माहिती कंपनीकडे पर्सनल लोनच्या आणि १५ तारखेच्या चौकशीबद्दल हरकत नोंदवली आहे. तक्रारीचा निकाल ३० दिवसांत लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. मात्र संबंधित दोन्ही वित्तसंस्था म्हणतात, "डीलरने संमतीसह फाइल पाठवली." म्हणजे किल्ली आपल्याकडेच आहे. म्हणून मला आपल्याकडून माझी फाइल कोणाकोणाला, कोणत्या दिवशी, किती रकमेसाठी पाठवली याची लेखी यादी हवी, आणि माझ्या सहीच्या फॉर्मची आज ज्या स्थितीत आहे त्या स्थितीतली प्रत हवी. या दोन चौकश्या माझ्या संमतीविना झाल्या असे पत्र आपण त्या दोन्ही संस्थांना द्यावे आणि त्याची प्रत मला पाठवावी. वाढलेल्या व्याजाचे ८,५०० रुपये भरून द्यावेत. आणि संस्थेचे नाव कोरे असलेल्या फॉर्मवर सही घेणे आजपासून बंद करावे.

आपले उत्तर १५ दिवसांत न आल्यास मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अनुचित व्यापारी प्रथेची तक्रार दाखल करीन. आपल्यासारख्या एजंटांच्या कामाला बँकाच जबाबदार असतात, त्यामुळे त्या दोन संस्थांविरुद्ध रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही जाईन.

आपली ग्राहक,
(माध्यमिक शिक्षिका, सांगली)

सोबत : ५ आणि १९ सप्टेंबरच्या क्रेडिट रिपोर्टच्या प्रती, मोबाईलवरील मेसेजचे फोटो, १२ सप्टेंबरच्या फोनची नोंद, बँकेचे कर्ज मंजुरी पत्र.