हयातीच्या दाखल्याबद्दल जाहीर आभार

दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी रांगेत तिष्ठणाऱ्या आम्हा निवृत्तिवेतनधारकांना मोबाइलवरून ‘जीवन प्रमाण’ हा डिजिटल हयातीचा दाखला भरायला ज्या महाविद्यालयीन मुलामुलींनी शिकवले, त्यांचे आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत. ही सोय २०१४ पासून असली, तरी बोटांचे ठसे झिजलेल्या आमच्यासारख्यांना ती २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची पद्धत आल्यावरच खऱ्या अर्थाने उपयोगी पडली. उजेडाकडे तोंड करा, पापण्या मिटून उघडा, हे त्यांनी न कंटाळता पुन्हा पुन्हा सांगितले. मोबाइल मात्र एकदाही आमच्या हातून काढून घेतला नाही. ओटीपी मागणाऱ्या अनोळखी फोनला काय उत्तर द्यावे, याचीही तालीम करून घेतली (त्यात आमची काही मंडळी जरा जास्तच रंगली). नावे न सांगताच ही मुले निघून गेली, म्हणून हे चार शब्द.