चौक लिहिणाऱ्या हातांची नावे

वारली लग्नात तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक (भिंतीवरचे चौकोनी चित्र) लिहिण्याचा म्हणजे काढण्याचा मान परंपरेने सवाशिणींचा. तरीही १९७०च्या दशकात ही चित्रे भिंतीवरून कागदावर आली, तेव्हा नाव झाले ते प्रामुख्याने पुरुषांचे. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये मिळालेली पद्मश्री सर्वथा योग्यच होती, पण सवाशिणींपैकी किती जणींची नावे आपण सांगू शकतो? दालनाचे भाडे, मुंबईचा प्रवास आणि घरची कामे यांत अडकणाऱ्या डहाणू-तलासरीकडील चित्रकर्तींना ऑनलाइन प्रदर्शनामुळे रसिकांपर्यंत थेट पोचता येईल. मात्र तेथेही अनेकदा ‘वारली कला’ एवढाच मथळा असतो (आणि मग कुणीही ती चित्रे चहाच्या कपांवर छापतो). शासकीय कलासंस्थांनी तरी प्रत्येक चित्राखाली चित्रकर्तीचे नाव व गाव मराठीत द्यावे.

— एक वाचक, पालघर