फ्रान्समधील घरभाडे: आधी कराराचा प्रकार पाहावा

महोदय,

फ्रान्सला शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या निवासाविषयीचा लेख आपल्या पुरवणीत नुकताच वाचला. लेख उपयुक्त आहे. मात्र तेथे घरे 'तीन-सहा-नऊ' वर्षांच्या कराराने मिळतात, हे त्यातील विधान दुरुस्त करणे आवश्यक वाटते. तो करार दुकाने आणि व्यवसायाच्या जागांसाठी आहे. त्याची मुदत किमान नऊ वर्षांची असते आणि भाडेकरू व्यापाऱ्याला दर तीन वर्षांनी, सहा महिने आधी कळवून, त्यातून बाहेर पडता येते. राहत्या घराशी त्याचा संबंध नाही.

भाडेकरूचे मुख्य निवासस्थान असलेल्या घराला ६ जुलै १९८९ चा कायदा लागू होतो. फर्निचर नसलेले घर असेल आणि मालक खासगी व्यक्ती असेल, तर कराराची मुदत किमान तीन वर्षांची असते. मालक कंपनी असेल तर सामान्यतः सहा वर्षांची. मुदत संपताना कोणी काहीच कळवले नाही, तर कराराचे आपोआप नूतनीकरण होते. मालकाला घर परत हवे असल्यास मुदतीच्या अखेरीसच, सहा महिने आधी लेखी कळवून, तेही घर विकायचे आहे, स्वतःला किंवा जवळच्या नातलगाला राहायचे आहे किंवा भाडे थकवण्यासारखे गंभीर कारण घडले आहे, असे कारण देऊनच ते मागता येते. भाडेकरू मात्र तीन महिन्यांची नोटीस देऊन केव्हाही जाऊ शकतो आणि पॅरिससारख्या घरटंचाईच्या भागात त्याला एक महिन्याचीच नोटीस पुरते. अकरा महिन्यांच्या करारनाम्याला सरावलेल्या माणसाला हे पारडे भाडेकरूकडे फारच झुकलेले वाटते; मलाही सुरुवातीला तसेच वाटले होते.

विद्यार्थ्यांच्या वाट्याला बहुधा फर्निचरसह घर येते. त्याचा करार एक वर्षाचा आणि आपोआप नूतनीकरण होणारा असतो. विद्यार्थ्याशी मात्र तो नऊ महिन्यांचा करता येतो आणि मग तो आपोआप पुढे चालू राहत नाही. फर्निचर नसलेल्या घरासाठी अनामत एका महिन्याच्या मूळ भाड्याहून अधिक घेता येत नाही, फर्निचरसह घरासाठी ती दोन महिन्यांपर्यंत घेता येते. खोलीत एक खाट आणि एक टेबल टाकले की घर फर्निचरसह झाले, असेही नाही. गादी-पांघरुणापासून शेगडी, फ्रिज, स्वयंपाकाची भांडी आणि साफसफाईच्या साहित्यापर्यंत काय काय असले पाहिजे, याची यादीच ३१ जुलै २०१५ च्या सरकारी आदेशात दिलेली आहे.

लेखात ज्याचा उल्लेखही नाही, तो २०१८ च्या कायद्याने आलेला 'बाय मोबिलिते' हा करार मात्र विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यायला हवा. तो फर्निचरसह घरासाठी, एक ते दहा महिन्यांचा असतो आणि उच्च शिक्षण, इंटर्नशिप, प्रशिक्षण किंवा नोकरीतील तात्पुरती बदली अशा कारणांसाठीच करता येतो. त्यात अनामत अजिबात घेता येत नाही, ही त्याची जमेची बाजू. मी पॅरिसला गेलो तेव्हा तेवढीच पाहून आनंदाने सही केली. त्याचे नूतनीकरण होत नाही, हे करारात स्पष्ट लिहिलेले होते. ते माझ्या लक्षात आले नवव्या महिन्यात, संशोधनाचे काम निम्म्यावर असताना. मालकाची चूक काहीच नव्हती. पुढचे सहा आठवडे मात्र प्रयोगशाळेऐवजी घरे पाहण्यात गेले.

याहून सावध राहायला हवे ते 'दुय्यम निवासस्थान' म्हणून पुढे केल्या जाणाऱ्या कराराबाबत. दुय्यम घराला १९८९ च्या कायद्याचे संरक्षण नाही. त्यामुळे अनामतीवरची मर्यादा किंवा ठरलेली किमान मुदत त्याला लागू होत नाही. विद्यार्थी वर्षभर त्याच घरात राहणार असताना हे नाव देणे ही पळवाट ठरते आणि ते घर प्रत्यक्षात मुख्य निवासस्थान आहे हे सिद्ध झाल्यास न्यायालय त्या करारालाही १९८९ चा कायदा लावू शकते. पण परक्या देशात, परक्या भाषेत, अभ्यास सांभाळून खटला कोण चालवणार?

जामीनदाराबाबतही लेखात निराशेचाच सूर आहे. प्रत्यक्षात, जामीनदार फ्रेंच नागरिक नाही किंवा फ्रान्समध्ये राहत नाही, एवढ्याच कारणावरून त्याला नाकारण्यास त्याच कायद्याने मनाई आहे. अनेक मालक तरीही आढेवेढे घेतात, हे खरे. अशा वेळी 'विझाल' ही हमी योजना कामी येते. तिच्या अटींत बसणाऱ्या विद्यार्थ्याला ती विनामूल्य मिळते आणि भाडे थकल्यास मालकाला ते योजनेकडून मिळते, मग विद्यार्थ्याने ती रक्कम योजनेला फेडायची असते. मात्र हमीपत्र करारावर सही होण्याआधी हातात असावे लागते. म्हणून प्रवेश निश्चित होताच, घर शोधायला लागण्यापूर्वीच, त्यासाठी अर्ज करावा.

आपला,
एक वाचक