न्यायालयाने समिती दिली, तिचा पत्ता आपण द्या

प्रति,
मा. महिला व बालविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदया,
सविनय नमस्कार.

मी घरकामगार बायकांबरोबर काम करते. मागच्या पावसाळ्यात त्यांच्यातली एक जण माझ्याकडे आली. चार घरची धुणी-भांडी करते. त्यातल्या एका घरचा मालक, बायको बाहेर पडली की स्वयंपाकघरात येऊन तिच्या अंगाला हात लावायचा. काम जाईल म्हणून ती दोन महिने गप्प राहिली. मग आम्ही दोघी स्थानिक तक्रार समिती, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी जिल्ह्यातली समिती, शोधायला निघालो. एका सरकारी कार्यालयात सांगितलं, "हे आमच्याकडे येत नाही." दुसऱ्या ठिकाणी साहेब बैठकीला गेले होते. तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, "ताई, आता राहू द्या. आज सगळ्याच घरी खाडा झाला."

त्यानंतर तक्रारीची तीन महिन्यांची मुदत संपली. समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते हे मला ठाऊक होतं, पण तशी विनंती करायलासुद्धा आधी समिती सापडायला हवी.

ही समिती सहज मिळालेली नाही. राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमातल्या एका साथिनीनं, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्तीनं, बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला, म्हणून 1992 मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. खालच्या कोर्टानं आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. महिला संघटना विशाखा या नावानं सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 13 ऑगस्ट 1997 रोजी न्यायालयानं सांगितलं, की संसद कायदा करेपर्यंत कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ रोखण्यासाठीची आमची मार्गदर्शक तत्त्वं हाच कायदा. संसदेला पुढं 16 वर्षं लागली. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा 2013 मध्ये आला.

न्यायालय नेहमीच बाईच्या बाजूनं उभं राहिलं, असं मी म्हणणार नाही. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात 1972 मध्ये एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. नागपूर खंडपीठानं पोलिसांना दोषी ठरवलं, सर्वोच्च न्यायालयानं सोडून दिलं. त्यावर उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. निकाल बदलला नाही, पण देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि 1983 मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. पुढं पुण्याच्या 'आलोचना' या महिला संस्थेच्या मेधा कोतवाल-लेले यांनी विशाखा निकालाची अंमलबजावणी होत नाही, असं न्यायालयाला पत्रानं कळवलं. त्या पत्राचीच याचिका झाली आणि 2012 मध्ये न्यायालयानं राज्यांना खडसावलं.

अशी पत्रं आम्ही आजवर न्यायालयाला लिहिली. हे पत्र मंत्रालयात पाठवते आहे, कारण न्यायालयाच्या हातात होतं ते करून झालं आहे. छळाचा आरोप असलेल्या गोव्यातल्या एका प्राध्यापकाच्या खटल्यात मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंमलबजावणीतल्या उणिवांवर बोट ठेवलं. त्या प्रकरणात समितीनं चौकशी घाईनं उरकली म्हणून कारवाईच रद्द झाली. समितीला प्रशिक्षण नसेल तर तक्रारदार आणि आरोपी दोघांवरही अन्याय होतो, हे मला त्यातून फार लागलं. डिसेंबर 2024 मध्ये त्याच खटल्यात न्यायालयानं तारखा ठरवून दिल्या: 31 डिसेंबरपर्यंत प्रत्येक जिल्ह्यात या कायद्याखालचा जिल्हा अधिकारी, 31 जानेवारी 2025 पर्यंत स्थानिक समिती.

कागदावर समित्या झाल्या असतील. पण दहापेक्षा कमी माणसं जिथे काम करतात, किंवा तक्रार मालकाविरुद्धच आहे, तिथल्या बाईला ही एकच समिती आहे. घरकामगार, छोट्या दुकानातली मुलगी, शेतमजूर, सगळ्या यात येतात. त्यांना जिल्ह्याच्या गावी हेलपाटे घालावे लागू नयेत म्हणून कायद्यानं प्रत्येक तालुक्यात आणि शहरात प्रभाग किंवा नगरपालिका पातळीवर एक समन्वय अधिकारी ठेवायला सांगितलं आहे. त्यानं तक्रार घ्यायची आणि सात दिवसांत समितीकडे पाठवायची. बाईला लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं हेही समितीचं काम आहे. घरकामगाराच्या तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर समितीनं सात दिवसांत ती पोलिसांकडे द्यायची आहे. हे इतकं नेमकं लिहिलेलं असताना आम्हाला तो अधिकारी कुठे बसतो ते कुणी सांगू शकलं नाही.

महोदया, प्रत्येक तालुक्यातल्या या अधिकाऱ्याचं नाव, फोन आणि बसण्याची जागा रेशन दुकानात, अंगणवाडीत, सरकारी दवाखान्यात आणि एसटी स्टँडवर मराठीत लावा. जिथे गरज आहे तिथे हिंदीतही लावा. समितीच्या सदस्यांना प्रशिक्षण आणि प्रवासखर्च वेळेवर द्या. प्रत्येक जिल्ह्यात वर्षभरात किती तक्रारी आल्या आणि किती नव्वद दिवसांत निकाली निघाल्या, ते जाहीर करा. जिथे शून्य तक्रारी असतील तो जिल्हा आधी तपासा.

त्या बाईनं ते घर सोडलं. आता तीन घरं करते. तिच्या तोंडून मी लिहून घेतलेला अर्ज अजून माझ्याकडेच आहे, त्यावर 'प्रति' या शब्दापुढची जागा कोरी आहे. आमच्या तालुक्यात तिथे कुणाचं नाव लिहायचं, ते आपल्या कार्यालयानं कळवावं.

आपली,
घरकामगार महिलांबरोबर काम करणारी एक कार्यकर्ती