आधी खुराडं, मग पिल्लं

पुणे,
१२ मे

प्रिय संजय,
सप्रेम नमस्कार.

पावसाआधी मुळशीच्या जागेवर पन्नास पिल्लं सोडायचा तुझा बेत वाचला. कळकळीने सांगतो, तो रद्द कर. खुराडं आत्ता बांध, पिल्लं दसऱ्यानंतर आण, तीही वीसच. त्यात साधारण निम्मे नर निघतील. एक कोंबडा ठेवायचा, बाकीचे पाच-सहा महिन्यांनी खायला.

पावसाळ्यात पिल्लं दगावायचं मोठं कारण म्हणजे खुराड्यात अंथरलेलं ओलं तूस. त्यात कॉक्सी (कॉक्सिडिओसिस, आतड्याचा रोग) बळावते. पिल्लं पंख पाडून कोपऱ्यात बसतात आणि शिटेत रक्त दिसतं. म्हणून खुराडं जमिनीपासून दोन फूट उचल, झड पश्चिमेकडून येते तर तोंड पूर्वेला ठेव. पक्ष्यामागे एक चौरस फूट पुरतो म्हणतात, पण मुळशीत आठ-आठ दिवस त्यांना बाहेर पडता येत नाही, तू दोन धर. भाताचं तूस तीन इंच पसर आणि रोज मूठभर दाबून बघ. लाडू वळला तर ओलं आहे, बदल. मूठ उघडताच सुटलं तर ठीक. जाळी अर्ध्या इंचाची घे, मोठ्या भोकातून मुंगसाची पिल्लंही आत शिरतात.

पिल्लं खडकीच्या सरकारी अंडी उबवणी केंद्रात चौकशी करून घे. पहिला आठवडा बल्बखाली ३५ अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघ : बल्बखाली गोळा झाली तर गारठलीत, कडेला पळून चोच वासून बसली तर तापलीत. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस चुकवू नकोस. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आठव्या आठवड्यात त्याच रोगाची आर-टू-बी लस पंखाखाली टोचून. कुपी शंभर डोसांची असते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते, तेव्हा शेजाऱ्यांशी आधी ठरव. आणताना थर्मासात बर्फ हवाच.

मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला सकाळ-संध्याकाळ मिळून पन्नासेक ग्रॅम बाजरी, ज्वारी किंवा कणी पुरे. बाकीचं ती उकरून खाते. बुरशी लागलेली पेंड फुकट मिळाली तरी घालू नकोस, काळीज (यकृत) खराब होऊन पक्षी मरतात. खुडूक (उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली दहा-बाराच अंडी ठेव, आठवड्याच्या आतली. जास्त ठेवलीस की कडेची गारठतात.

आता कापण्याचं. आदल्या रात्रीपासून दाणा बंद, पाणी चालू. पोट रिकामं असलं की आतडं फुटून मांस घाण होत नाही. कापल्यावर दोन-तीन मिनिटं उलटं धरून रक्त पूर्ण निथळू दे. पिसं काढायला खळखळतं पाणी वापरतात तिथेच चुकतं, कातडी शिजते आणि फाटते. उकळतं आणि साधं पाणी निम्मं-निम्मं मिसळ, साठ-पासष्ट अंशांवर येतं. त्यात मिनिटभर बुडव, पंखातलं मोठं पीस अलगद निघालं की काढ बाहेर. मग हळद चोळून गवताच्या जाळावर शेक, बारीक लव जळते. शेपटीवरची तेलाची गाठ काप, नाहीतर रश्शाला वास येतो.

मानेजवळची दाण्याची पिशवी बोटाने सोडव, पोटाखाली उथळ चीर दे आणि सगळं एकत्र बाहेर ओढ. काळजाला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी फुटली तर तेवढा भाग कापून टाक, धुऊन कडूपणा जात नाही. पेटा, म्हणजे दाणे दळणारं जाड पोट, चिरून खडे काढ, आतलं पिवळं अस्तर नखाने सोल. कलेजी-पेटा त्याच दिवशी परतून खायचा. पाय गरम पाण्यात बुडवून साल आणि नखं काढ. पाय, मान, पाठीचा सांगाडा, आलं, हळद, मीठ आणि दोन लिटर पाणी, मंद आचेवर दीड तास : अळणी, म्हणजे बिनमसाल्याचं सूप, तयार. थंड झाल्यावर थिजली तर समज, पायांनी काम केलं. पिवळी चरबी मंद आचेवर वितळव, फोडणीला सुरेख लागते. मांसाचे तुकडे मात्र रात्रभर फ्रिजमध्ये राहू देत, कापल्या कापल्या शिजवले की चिवट होतात.

पिसं, रक्त, आतडी दोन फुटी खड्ड्यात पालापाचोळ्याखाली पुर, वर माती दाब, नाहीतर कुत्री उकरतात. आतडी कोंबड्यांना पुन्हा घालायची नाहीत. आजाराने मेलेला पक्षी खायचाही नाही, चुना टाकून खोल पुरायचा. एकदम दोन-तीन मेले तर औंधच्या पशुरोग प्रयोगशाळेत दाखव.

खुराड्याचं माप कागदावर काढून पाठव. जाळी घ्यायला बोहरी आळीत येशील तेव्हा घरी जेवायलाच ये, वहिनींनाही आण.

तुझा,
मिलिंद