आवाज न करणाऱ्या चाकाबद्दल

काका, स. न. वि. वि.

तुमचं नाव मला माहीत नाही. बडोद्याच्या दांडिया बाजारात सगळे तुम्हाला सायकलवाले काका म्हणतात, मीही तेच म्हणतो. सगळ्यांना वाचता येईल असं हे पत्र लिहितोय, कारण त्या दिवशी आभार मानायला लागलो तर तुम्ही "बरं बरं, तो पाना द्या इकडे" म्हणत पुढच्या सायकलला लागलात.

ऐन आषाढात, काळा घोडा सर्कलच्या अलीकडे पाण्याखाली दडलेला खड्डा माझ्या मुलीला दिसला नाही. कोपर आणि गुडघा सोलवटला, तेवढ्यावर निभावलं. सायकलचं पुढचं चाक मात्र नागमोडी फिरायला लागलं. प्रत्येक फेऱ्याला ब्रेकच्या रबराला घासून खर्र खर्र करायचं. मागचं गुपचूप फिरत होतं. एका मोठ्या दुकानात दाखवलं, तर त्यांनी चाकाला हातही न लावता दोन्ही चाकं बदला म्हणून सांगितलं. चार हजार रुपये. मी घरी तबला शिकवतो, महिन्याच्या मध्यावर चार हजार काढणं मला जड जातं. तुमच्याकडे आलो ते मनाशी ठरवूनच आलो होतो, की पुढचं बदलायचं आणि मागचं आहे तसं ठेवायचं.

तुम्ही ते ऐकून घेतलंत आणि सायकल उलटी करून सीट-हँडलवर उभी केलीत. पुढच्या चाकाजवळ खडू धरून चाक फिरवलंत. रिमवर दोन ठिकाणी पांढरे ओरखडे उठले. मग दोन-दोन तारा चिमटीत दाबत गेलात, छत्तीसच्या छत्तीस. पाच-सहा ढिल्या निघाल्या. रिमला भेग नव्हती, खालवर उडी नव्हती, फक्त एका अंगाला आऊट होती. "हे जिवंत आहे, बदलू नका," म्हणालात.

२०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा ही सायकल आमच्या पार्किंगमध्ये दोन दिवस पाण्यात उभी होती. तारा रिमला आवळून धरणारे छोटे नट, म्हणजे निपल, गंजून धरले होते. तुम्ही एकेकावर तेलाचा थेंब सोडलात आणि चहा मागवलात. घाईने चावी लावली असती तर निपलचे कोपरे झिजून ते गोल झाले असते किंवा तारा तुटल्या असत्या, हे मला नंतर कळलं.

त्यानंतरचा अर्धा तास मी विसरणार नाही. रिम उजवीकडे जात होती तिथे उजवीकडच्या तारा पाव फेरा ढिल्या, डावीकडच्या पाव फेरा घट्ट. पुन्हा खडू, पुन्हा पाव फेरा. गायक मौलाबक्षांनी १८८६ साली सुरू केलेल्या गायनशाळेचं पुढे जे महाविद्यालय झालं, तिथे मी तबला शिकलो. तबल्याच्या कडेला ज्या जागी ठोकून सूर लावतात, ती घरं. एक घर चढवलं की समोरचं हलतं. म्हणून एकाच घरावर हातोडी चालवत बसायचं नसतं, सगळ्या पुडीभर, म्हणजे वरच्या कातड्याच्या कडेने, थोडं थोडं फिरत यावं लागतं. तुमचा हात तसाच फिरत होता. शेवटी तुम्ही नखाने तारा छेडायला लागलात आणि रस्त्यावरच्या रिक्षांच्या गोंगाटात कान चाकापाशी नेलात. "सगळ्यांनी एका आवाजात बोलायला पाहिजे," म्हणालात. मी काय ऐकतोय हे माझ्याकडे न बघताच तुम्हाला कळलं होतं, कारण एका तारेशी आपण दोघंही एकदमच थांबलो. ती उतरलेली होती.

चाक फिरवलंत तेव्हा खडू कुठेच टेकला नाही. शंभर रुपये. मी खिशात हात घातला. "थांबा, मागचं बघू द्या," म्हणालात.

खरं सांगतो, मला ते नको होतं. मागचं ठीक आहे, असं मी दोनदा म्हणालो. तुम्ही फडक्याने रिम पुसलीत आणि मला खाली वाकायला लावलंत. गिअरच्या बाजूला, निपलच्या भोकापासून केसाएवढी रेघ निघाली होती. तीन भोकं सोडून आणखी एक. गिअरला जागा करायची म्हणून मागच्या चाकात त्या बाजूच्या तारा जास्त ताणाव्या लागतात, म्हणून भेग तिथेच आधी पडते, हे तुम्ही सांगितलंत. मग लोखंडी पट्टी रिमच्या कडेला उभी धरलीत. पट्टीच्या मधोमध खालून उजेड दिसत होता. इतक्या वर्षांच्या ब्रेकने पत्रा खाऊन टाकला होता.

"वेल्डिंग?" मी विचारलं.

"नहीं चाले." तुम्ही मराठी बोलताना मध्येच असं गुजरातीत जाता. "लोखंडी रिम असती तर ठोकून दिली असती. ही ॲल्युमिनियमची आहे. हवा भरताना फाटेल, नाहीतर पोरगी उतारावर असेल तेव्हा फाटेल."

त्या वाक्यापाशी मी पैशाचा विचार सोडला.

तुम्ही मात्र सोडला नाहीत. आख्खं चाक घ्यायची गरज नाही म्हणालात आणि हब, म्हणजे चाकाचा मधला गाभा, उघडलंत. दोन्ही बाजूंनी नऊ-नऊ छर्रे बाहेर आले, पाव इंची, पुराच्या राखाडी गाळात माखलेले. छर्रे ज्यावर फिरतात तो कोन रॉकेलमध्ये धुऊन त्यावर नख फिरवलंत, मग माझं बोट धरून फिरवलंत. गुळगुळीत होता. "हब ठेवा. छर्रे, रिम आणि तारा नव्या." माप वहीच्या कागदावर लिहून दिलंत आणि बजावलंत, की भोकं छत्तीसच हवीत आणि तारा रिम घेतल्याशिवाय घेऊ नका, रिमच्या उंचीप्रमाणे तारेची लांबी बदलते. सामान आणि तुमची मजुरी धरून सगळं चौदाशेत झालं.

पुढच्या चाकाबद्दल आभार मानतो ते माझे पैसे वाचवलेत म्हणून. मागच्याबद्दल काय म्हणू? मी ते चाक तसंच ठेवून तिला रोज सकाळी फॅकल्टीत, म्हणजे कॉलेजात, पाठवत राहिलो असतो, आणि चाक आवाज करत नाही म्हणून निश्चिंत झोपलो असतो. शंभर रुपये घेऊन मला वाटेला लावणं तुम्हाला सहज जमलं असतं. मी तर तेच मागत होतो.

आणखी एक राहिलं. जुनी रिम मी भंगारात देतो म्हणालो, तेव्हा तुम्ही करवत काढलीत आणि भेगेपाशीच ती आरपार कापलीत. "असं दिलं तर कोणी तरी परत बसवेल," म्हणालात. त्या कोणा तरीसाठी तुम्ही तुमची दहा मिनिटं दिलीत. त्याचेही आभार या पत्रात मानून ठेवतो, त्याला ते कधी कळणार नाहीत.

नव्या तारा बसतात आणि थोड्या सैल होतात, पंधरा दिवसांनी परत आणा, असं तुम्ही सांगितलं होतं. येत्या रविवारी पंधरा दिवस होतात. मुलीला घेऊन सकाळी येतो. तारा कशा ऐकायच्या ते तिलाही दाखवा.

आपला,
तबलेवाला