वजनाचा तक्ता छापलात, पण कमरेचं काय?

मा. संपादक,
स. न.

तुमच्या आरोग्य पुरवणीत उंचीप्रमाणे वजन किती असावं याचा तक्ता आला होता, घरात सगळ्यांनी त्यावर बोट फिरवून आपापला रकाना शोधला आणि मी निघालो थेट 'योग्य'वाल्या रकान्यात. उंची १७० सेंमी, वजन ६६ किलो, बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २२.८. याच आकड्यावर मी कित्येक वर्षं खुशीत होतो हो. हातपाय काटकुळे, त्यामुळे जाड म्हणून कधी कोणी चिडवलं नाही, ढेरी तेवढी पुढे आलेली पण ती वयानुसार सुटतेच म्हणून सोडून दिलेली. चेकअपलासुद्धा वजन झालं, उंची झाली, कागदावर 'नॉर्मल' लिहून आलं, पोटाला टेप कोणी लावलीच नाही. मग भलत्याच कारणासाठी रक्त तपासलं तर एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) ६.३, म्हणजे डायबेटिसच्या अगदी दारात, आणि ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, पण वाढलेले. त्या दिवशी घरी येऊन कमर मोजली, ९६ सेंमी!

तेव्हापासून जमेल तेवढं वाचलं, त्यातून हे पत्र. चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे बसलीये हे जास्त महत्त्वाचं, आणि हे काही कालचं संशोधन नाही. झाँ वाग नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९४७ मध्येच लिहून ठेवलंय की पोटावर चरबी साठणारे आणि मांड्या-कुल्ल्यांवर साठणारे असे लठ्ठपणाचे दोन प्रकार असतात आणि डायबेटिस, हृदयविकार हे पहिल्या प्रकाराच्या मागे जास्त लागतात. आणि आपण ज्या बीएमआयला डोक्यावर घेतलंय तो मुळात केटले या बेल्जियन गणितज्ञाचा एकोणिसाव्या शतकातला हिशोब, लोकसमूहाची सरासरी काढायला केलेला, एकेका माणसाचं पोट बघायला नाही.

पोटातली चरबी पण दोन जातींची असते हे मला माहीतच नव्हतं. चिमटीत येते ती कातडीखालची, ती त्यातल्या त्यात गरीब. खरी डांबरट ती आत आतड्यांभोवती, लिव्हरभोवती बसलेली, ती चिमटीत येत नाही, पोट नुसतं टणक आणि गरगरीत दिसतं. ही चरबी गप्प पडून राहत नाही, त्यातून फॅटी अ‍ॅसिड सुटत राहतात आणि आतड्यांकडचं रक्त आधी लिव्हरमध्येच जात असल्यामुळे त्यातला बराच माल थेट लिव्हरवर जाऊन आदळतो, मग लिव्हर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, साखर आणि ट्रायग्लिसराइड रक्तात सोडत बसतं, वर बारीक सूज आणणारी रसायनं सुटतात ती रक्तवाहिन्यांना त्रास देतात. शुगर आणि हार्ट एकाच माणसाच्या मागे का लागतात ते मला इथे कळलं.

उलट मांड्या-कुल्ल्यांवरची चरबी म्हणजे कोठार, जास्तीची चरबी नीट भरून ठेवते, लिव्हर-हृदयाकडे भटकू देत नाही. आमच्या हिला 'खाली फार वाढलंय' म्हणून चिडवायचो, आता बंद केलं :) पण बायकांनीही गाफील राहू नये, पाळी गेल्यावर चरबीचा मुक्काम पोटाकडे हलतो. आणि मशीनने चरबी ओढून काढली की काम झालं असंही नाही, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लठ्ठ बायकांच्या पोटावरून जवळजवळ १० किलो कातडीखालची चरबी काढली तरी इन्सुलिनच्या कामात सुधारणा झाली नाही, आतली जिथल्या तिथेच ना.

५२ देशांतल्या सुमारे २७ हजार लोकांवरच्या इंटरहार्ट अभ्यासातही हार्ट अ‍ॅटॅकचा अंदाज बीएमआयपेक्षा कंबर आणि नितंबांच्या घेराच्या गुणोत्तरावरून जास्त चांगला आला. आणि दोन डॉक्टरांची ती गोष्ट तर तुम्ही छापायलाच हवी, पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन, दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी एकाची २१.२ टक्के आणि दुसऱ्याची ९.१! पहिला आकडा आपल्या याज्ञिकांचा. म्हणून तर दक्षिण आशियाई लोकांसाठी कमरेची मर्यादा पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८० धरतात, युरोपातल्या पुरुषांना मात्र ९४ पर्यंत सूट. एवढं लक्षात राहत नसेल तर कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवी, बस.

आता मोजायचं कसं, कारण इथेच सगळे फसतात. पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे!! मी ३४ ची पँट घालतो कारण पट्टा ढेरीच्या खाली बांधतो, टेप लावली की ३८ इंच भरतं. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप आडवी धरायची, श्वास सहज सोडायचा आणि मग वाचायचं, पोट आत ओढायचं नाही (मी पहिल्यांदा ओढलंच होतं).

डॉक्टरांनी रोज भरभर चालायला सांगितलंय, नुसत्या पोटाच्या व्यायामाने पोटच तेवढं उतरत नाही म्हणाले, पण आतली चरबी चालण्याने हलते, कधीकधी वजनकाटा तसाच राहिला तरी. माझंही वजन किलोभरच उतरलंय, कंबर मात्र ९२ वर आलीये.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी तो तक्ता छापाल तेव्हा शेजारी कमरेचा एक रकाना टाका, आणि खाली 'पँटचा नंबर लिहू नये' अशी ठळक अक्षरात तळटीप.

आपला,
योग्य रकान्यातला एक वाचक